लाकडी बैल आणि लहानपणीचे वीर

वय झालेल्या माणसांची एक खोड सर्वांच्या परिचयाची आहे. चार समवयस्क एकत्र जमले, की पाऊसपाणी, संत्र्यांचा भाव आणि गुडघेदुखी हे विषय संपताच बोलणे लहानपणाकडे वळते. आणि एकदा ते तिकडे वळले, की 'आमच्या वेळी' या दोन शब्दांवाचून एकही वाक्य सुरू होत नाही. आमच्या वेळचे भोवरे अधिक फिरत, आमच्या वेळची सोंगे अधिक रंगत, आमच्या वेळचे पहिलवान अधिक बलवान असत. नातवंडे मुकाट्याने ऐकून घेतात आणि संधी मिळताच हातातील मोबाईलकडे वळतात. त्यांचा मला राग येत नाही. आमचे आजोबा जुन्या गोष्टी सांगू लागले, की आम्हीही असेच हळूच पाय काढता घेत असू.

परंतु वाचकहो, आठवणींचा हा व्यवहार वाटतो तितका निरुपद्रवी नाही. ज्या वस्तूंवर आपण लहानपणी जीव लावला आणि ज्या माणसांना वीर मानले, त्यांनी आपल्या मनाची घडण केलेली असते. म्हणून धान्य जसे सुपात घेऊन पाखडावे, तसे आपले बालपणही एकदा पाखडून पाहावे. कोंडा उडून जावा, दाणे राहावेत, आणि ते दाणे नातवंडांच्या ओंजळीत घालावेत. या लेखाचा हेतू एवढाच.

माझे बालपण लोधीखेड्यात गेले. सौसर तालुक्यातील हे गाव तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यात होते. 2023 साली पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मराठी बोलणारी माणसे मध्य प्रदेशात राहिलो. त्यामुळे आमच्या खेळांनाही दोन भाषा होत्या. घरी मराठी आणि बाजारात हिंदी. घरी शिवाजी महाराजांच्या गोष्टी आणि शाळेत झाशीच्या राणीच्या कविता. मुलांना याची अडचण कधी भासली नाही. ज्या भाषेत डाव जिंकता येईल, ती भाषा त्यांना गोडच वाटते.

लोधीखेडा एकेकाळी तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले होते. एकोणिसाव्या शतकातील सरकारी गॅझेटियरांतही त्याची नोंद आहे. मुलांच्या खेळण्यांना मात्र तांबेपितळ क्वचितच लाभे. आमची खेळणी शेतातून आणि उकिरड्यावरून येत. ज्वारी निघाली, की धांडे सोलून आतल्या पांढऱ्या गराची आणि वरच्या सालीची बैलगाडी तयार व्हावयाची. तिला चाके, जू, साट्या, सर्व काही असे. सायकलचा जुना टायर हाती आला, तर गल्लीत त्या मुलाला राजाचा मान मिळे. मुलींच्या वाट्याला भाद्रपदी पौर्णिमेपासून भुलाबाई येई, आणि शरद पौर्णिमेपर्यंत रोज सायंकाळी घरोघर गाणी व खिरापत यांची धमाल चाले. माझ्या बहिणीला या एका महिन्यात जेवढे मोकळेपण मिळे, तेवढे उरलेल्या अकरा महिन्यांत मिळत नसे, हे मला फार उशिरा उमगले.

पण आम्हा मुलांचा खरा सण म्हणजे तान्हा पोळा. श्रावणी अमावास्येला मोठा पोळा. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकावयाचे, त्यांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आमंत्रण द्यावयाचे. मग पोळ्याच्या दिवशी शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरांची माळ, आणि आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभ्या राहिलेल्या जोड्या. गावातील हुशार माणसे चढाओढीने झडत्या म्हणत आणि हशा पिकवीत. तोरण तुटले, की बैल घरोघर ओवाळून घ्यावयास निघत. त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा पोळा. लाकडी बैल, त्याच्या पायांखाली चार चाके, पुढे दोरी. तो सजवून मुले रांगेत उभी राहत आणि मग दारोदार जाऊन 'बोजारा' मागत. बोजारा म्हणजे कोणी मूठभर खाऊ देई, कोणी एखादे नाणे देई. ही चाल नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून आली, असे जुनी माणसे सांगत. विदर्भाबाहेरच्या वाचकांना ती कदाचित ठाऊक नसेल. आमच्याकडे मात्र ज्याच्याजवळ लाकडी बैल नाही, त्या मुलाला त्या दिवशी तोंड लपवावेसे वाटे.

आमच्या घरी प्रश्न वेगळाच होता. वडील छोट्या रेल्वेवर नोकरीस होते आणि गावात ख्रिस्ती घरे बोटांवर मोजण्याइतकी. पोळ्यात बैलाची पूजा होते, तेव्हा आपल्या मुलाने त्या रांगेत उभे राहावे की राहू नये? आई म्हणे, नको. वडील काही बोलत नसत. मी खिडकीतून रांग पाहत असे. वर्षातून दोनचार वेळा धर्मगुरू गाडीने येत, आमच्या ओसरीवर मिस्सा अर्पण करीत आणि मुलांना शिकवण देत. 1961 च्या पावसाळ्यात आईने हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "बाई, बैलाची पूजा करणे आपल्याकडून होणार नाही. पण ज्याच्या खांद्यावर आपली भाकरी येते, त्या मुक्या प्राण्याबद्दल देवाचे आभार मानावयास कोणती हरकत? मुलाला बैल घेऊन द्या. खेळू द्या. आणि नाताळात तोच बैल गव्हाणीत उभा करा."

सुताराने बाभळीच्या लाकडाचा बैल करून दिला. तो ओबडधोबड होता. एक शिंग दुसऱ्याहून आखूड, आणि चाके फिरताना कुरकुरत. मी त्या वर्षी पहिल्यांदा रांगेत उभा राहिलो. रांगेतही मोठे-लहान होतेच, हे येथे सांगितले पाहिजे. मालगुजारी 1951 साली कायद्याने संपली होती, पण जुन्या मालगुजारांच्या घरचा उंच, रंगीत बैल सर्वांच्या पुढे असे आणि त्याला बोजाराही अधिक मिळे. रांगेच्या अगदी शेवटी माझा एक सवंगडी मातीचा बैल हातात धरून उभा होता. त्याचे आईवडील दुसऱ्याच्या शेतात मजुरी करीत. पावसाची सर आली, तेव्हा आम्ही आमचे बैल तसेच ठेवून पळालो. त्याने मात्र आपला बैल सदऱ्याखाली पोटाशी धरला. तरीही त्या बैलाची माती विरघळली आणि सदरा तांबडा झाला. तो रडला नाही. दुसऱ्या दिवशी नाल्यावरून माती आणून त्याने नवा बैल केला.

नाताळ आला. आमच्या ओसरीच्या कोपऱ्यात गवताचे छप्पर घालून गव्हाणी केली. बाळ येशू, पवित्र मरिया आणि संत योसेफ यांच्या लहान मूर्ती फादरांनी दिल्या होत्या. माझा बैल मूर्तींपेक्षा मोठा होता आणि गोठ्यात जेमतेम मावला. गाढव नव्हते. ते त्या सवंगड्याने मातीचे घडवून दिले. तो आमच्या धर्माचा नव्हता. पण बैलाशेजारी गाढव हवे हे मी सांगताच त्याने कारण विचारले नाही, फक्त गाढव बसलेले हवे की उभे, एवढे विचारले. त्याने ते बसलेले केले. उभ्या गाढवाचे पाय मोडतील, असे त्याचे म्हणणे पडले.

पुढे मोठेपणी वाचनात आले, की शुभवर्तमानात बैलाचा किंवा गाढवाचा उल्लेखच नाही. लूकने केवळ गव्हाणी सांगितली आहे. बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव आपल्या मालकाचे ठाण ओळखते, माणसाला मात्र आपल्या देवाची ओळख नाही, अशा अर्थाचे खेदाचे उद्गार यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या आरंभी आहेत. त्यावरून ख्रिस्ती लोकांनी हे दोन प्राणी गव्हाणीपाशी आणले. 1223 साली इटलीतील ग्रेचो या गावी आसिसीकर संत फ्रान्सिसने जिवंत बैल आणि गाढव आणवून नाताळची मिस्सा करविली आणि तेव्हापासून गोठ्याचा देखावा जगभर पसरला. म्हणजे शेतकऱ्याच्या मुक्या सोबत्यांना संतांनीही प्रभूच्या पायांशी जागा दिली होती. आमच्या ओसरीवर जे घडले, त्याला सातशे वर्षांहून जुनी परंपरा होती.

खेळण्यांइतकेच वेड खेळांचे, म्हणजे तमाशांचे. सुगी झाली की रात्री मशालीच्या उजेडात दंडार होई. पुरुषच लुगडी नेसून नाचत आणि पहाटेपर्यंत गाव जागे राही. बहुरूपी आज पोलीस होऊन येई, उद्या साधू होऊन. डोक्यावर पेटी घेतलेला सिनेमावाला आला, की भिंगाला डोळा लावून दिल्लीचा दरबार आणि आग्र्याचा ताजमहाल पाहावयाचा. जत्रेच्या दिवसांत तंबूचा सिनेमा येई. पडद्याच्या मागल्या बाजूला बसले तर तिकीट कमी. चित्रे दिसत, फक्त पाटीवरची अक्षरे उलटी. आणि फादर आले की त्यांच्याजवळचा जादूचा कंदील! भिंतीवर पांढरे धोतर ताणून बांधावयाचे, गॅसबत्ती विझवावयाची, आणि काचेवरची रंगीत चित्रे एकामागून एक उमटावयाची. ही चित्रे पाहावयास सारी आळी जमे. ओसरीवर आमच्यापेक्षा इतर मुलांचीच गर्दी अधिक.

या खेळांतूनच आम्हाला आमचे वीर मिळाले. पहिला वीर म्हणजे दारासिंग. 1954 साली तो रुस्तुम-ए-हिंद झाला, आणि 1962 साली 'किंग काँग' हे त्याचे चित्र निघाले. तंबूच्या सिनेमात तो दिसल्यावर आमच्यातील प्रत्येकजण दंड फुगवून चालू लागला. दुसरा वीर वेताळ. 1964 साली इंद्रजाल कॉमिक्स निघू लागली आणि नागपुराहून येणाऱ्या गाडीने एखादा अंक गावात आला, की तो फाटेपर्यंत हातोहात फिरे. 1952 पासून मराठीत निघणाऱ्या 'चांदोबा'तील राजपुत्र होतेच.

पण या सर्वांपेक्षा जवळचे वीर पांढुर्ण्यास होते. ज्या दिवशी आमच्याकडे मुले लाकडी बैल ओढीत, त्याच दिवशी पांढुर्ण्यात गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव होतो आणि त्यातून जो झाडापर्यंत पोहोचून झेंडा तोडून आणील, त्याचा पक्ष जिंकला. या गावचा मुलगा आणि त्या गावची मुलगी पळून जात असता नदीत त्यांच्यावर दगड पडले, अशी आख्यायिका त्यामागे सांगतात. दर वर्षी शेकडो लोक जखमी होतात. काही वर्षी माणसे प्राणासही मुकली. दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवूनही सरकारने पाहिले, पण हात पुन्हा दगडांकडेच वळले. डोक्यास पट्टी बांधलेला एखादा तरुण दुसऱ्या दिवशी आमच्या गावच्या बाजारात दिसला, की आम्ही त्याच्या मागेमागे फिरत असू. त्याच्या जखमेचा आम्हाला हेवा वाटे.

अशाच एका भेटीत फादरांनी कंदिलातून फादर डेमियनची चित्रे दाखविली. 1840 साली बेल्जियममध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा धर्मगुरू 1873 साली हवाई बेटांतील मोलोकाई येथे गेला. तेथे महारोग्यांना आणून सोडून देत असत. त्याने त्यांची घरे बांधली, जखमा धुतल्या, मेलेल्यांसाठी पेट्या केल्या आणि खड्डे खणले. अखेर तो रोग त्यालाही जडला आणि 1889 साली तो तेथेच वारला. 2009 साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. शेवटच्या चित्रात त्याचा चेहरा रोगाने सुजलेला होता. ते चित्र भिंतीवर उमटताच ओसरीवर शांतता पसरली. मग मागून माझ्या त्या सवंगड्याचा आवाज आला, "याला दगड कोणी मारले?"

फादर म्हणाले, "बाळ, कोणीच नाही. दुसऱ्याच्या अंगावरचे घाव याने आपल्या अंगावर घेतले."

ते वाक्य त्या वयात मला पूर्ण कळले, असे म्हणता येणार नाही. परंतु वीर कोणाला म्हणावे, याचे एक माप त्या रात्री हाती आले. घाव दोघांच्याही अंगावर असतात. गोटमारीतल्या तरुणाच्याही असतात आणि मोलोकाईच्या धर्मगुरूच्याही. तो घाव कोणासाठी सोसला, हे विचारावयाचे. झेंड्यासाठी रक्त सांडणाऱ्याचे धाडस खोटे नसते. त्याला योग्य वाट मिळालेली नसते, एवढेच. आणि अशी वाट दाखविणारी माणसे आपल्या प्रांतातही होती. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी 1936 साली महारोग्यांची सेवा आरंभिली होती, आणि बाबा आमटे यांनी 1949 साली संस्था स्थापून वरोड्याजवळ आनंदवन उभे केले. ही माणसे आमच्या हयातीत, आमच्याच विदर्भात वावरत होती. पण त्यांची चित्रे असलेली पुस्तके आमच्या हाती कोणी दिली नाहीत. मुलांना वीर लागतातच. आपण चांगले दिले नाहीत, तर ती मिळतील ते उचलतात.

माझा सवंगडी मोठा झाला नाही. 1963 च्या उन्हाळ्यात गावात देवीची साथ आली आणि तीत तो गेला. त्याला लस टोचलेली नव्हती. देवी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम आदल्याच वर्षी, 1962 साली, सुरू झाली होती. ती त्याच्या झोपडीपर्यंत वेळेवर पोहोचली नाही. भारतात देवीचा अखेरचा रोगी 1975 साली आढळला आणि 1977 साली देश त्या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. 'आमच्या वेळी सारे चांगले होते' असे कोणी म्हटले, की मला त्या मुलाची आठवण होते. आमच्या वेळी भोवरे छान फिरत, हे खरे. आमच्या वेळी नऊ वर्षांची मुले देवीने मरत, हेही तितकेच खरे. ज्या नातवाच्या दंडावर लशीची खूण आहे आणि ज्याच्या ताटात दोन्ही वेळा पोटभर अन्न आहे, त्याच्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांना नावे ठेवण्यापूर्वी आपण देवाचे आभार मानावेत.

काही गोष्टी गेल्या, त्यांचे वाईट वाटते खरे. अडीच फुटी रुळांवरची आमची छोटी गाडी सावनेर, केळोद, लोधीखेडा, सौसर, रामाकोना अशी धापा टाकीत जाई. चढावर तिचा वेग इतका मंद होई, की पोरे उतरून पुन्हा चढत, असे मोठी माणसे हसत हसत सांगत. 2015 च्या अखेरीस ती बंद झाली आणि त्या वाटेवर रुंद रूळ आले. त्या जातीची जुनी इंजिने नागपुरात मोतीबागेतील संग्रहालयात, 2002 साली ते उघडल्यापासून, पाहावयास मिळतात. मुले त्यांना खेळण्यातली गाडी म्हणतात. वडिलांची सारी नोकरी जिच्यावर झाली, ती गाडी अखेर खेळणे झाली. पण रुंद रुळांवरून आज रोगी नागपूरच्या दवाखान्यात लवकर पोहोचतो, हेही विसरता येत नाही.

मग बालपणाचे करावयाचे काय? संत पौल करिंथकरांना लिहितो, की प्रौढ झाल्यावर त्याने बालपणाच्या गोष्टी सोडून दिल्या. आणि प्रभू येशू तर सांगतो, की बालकांसारखे झाल्यावाचून स्वर्गराज्यात प्रवेश नाही. ही दोन वचने परस्परांविरुद्ध आहेत, असे मला पुष्कळ वर्षे वाटत होते. आता वाटत नाही. सोडावयाचे आहे ते बालपणातील हट्ट, रांगेत पुढे उभे राहण्याची हाव, जखमेचा फुकाचा अभिमान. राखावयाचे आहे ते कारण न विचारता गाढव घडवून देणारे मन. विरघळलेल्या बैलासाठी न रडता नाल्यावरून पुन्हा माती आणणारा हात राखावयाचा आहे.

तेव्हा माझी ख्रिस्ती कुटुंबांना एक विनंती आहे. नातवंडांच्या हातातील मोबाईल हिसकावून घेऊ नका. त्याने आठवणींचा द्वेष मात्र वाढेल. त्याऐवजी येत्या नाताळात गव्हाणी विकत न आणता घरी करा. मुलांना मातीत हात घालू द्या. शेजारच्या मुलांनाही बोलवा, मग ती कोणत्याही धर्माची असोत, आणि प्रत्येकाला एकेक प्राणी घडविण्याचे काम द्या. गाढवाचा कान वाकडा झाला तर तसाच राहू द्या. आणि मुले माती मळत असताना त्यांना वीरांच्या गोष्टी सांगा. दारासिंगाची सांगा, शिवाजी महाराजांची सांगा, आणि शेवटी मोलोकाईच्या त्या सुजलेल्या चेहऱ्याची सांगा.

माझा लाकडी बैल अजून घरात आहे. चाके गेली आहेत. आखूड शिंग मात्र शाबूत आहे. दर नाताळात तो गोठ्यात उभा राहतो. मातीचे गाढव बसलेलेच असल्यामुळे त्याचे पाय आजवर मोडले नाहीत. नातीने गेल्या वर्षी विचारले, की बैल एवढा मोठा आणि बाळ येशू एवढा लहान कसा? मी तिला म्हटले, "बाळा, आपल्याकडे पाहुण्याला मोठी जागा देतात, पण तो बाळ लहानशीच जागा मागतो."